दुपारचं जागरण

झोप येत नाही अशी तक्रार केली की माणसाला सहानुभूती मिळते. लोक जवळ बसवून घेतात, कोमट दूध सुचवतात, आपली झोप कधी कशी उडाली होती ते सविस्तर सांगतात. झोप फार येते अशी तक्रार केली की तेच लोक फिदीफिदी हसतात. नानांना हे वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं, आणि कळेपर्यंत त्यांची तक्रार ओळखीच्या सगळ्यांना सांगून झाली होती.

"नशीबवान आहात!" वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले. मास्तरांनी शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली होती आणि निवृत्त झाल्यावर शिकवायला मुलं उरली नाहीत म्हणून ते शेजाऱ्यांना शिकवत. "माझा डोळ्याला डोळा लागत नाही. तुमची अर्धी झोप मला द्या."

नाना द्यायला एका पायावर तयार होते. पण झोप काही वाटीतून शेजारी पोचवता येत नाही.

त्याचं असं झालं, की नानांना छातीच्या डाव्या बाजूला, बगलेखालून थेट पाठीपर्यंत नागीण उठली. फोड आले, सुकले, खपल्या पडल्या. नागीण गेली असं सगळ्यांनी जाहीर केलं. वेदना मात्र जागा सोडीना. सदऱ्याचं कापड नुसतं घासलं तरी कोणी तापलेली इस्त्री टेकवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी तपासलं, नसांचं दुखणं आहे, वेळ लागेल म्हणाले, दिवसातून तीनदा घ्यायच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि चिठ्ठी हातात देता देता म्हणाले, "थोडी गुंगी येईल."

डॉक्टरमंडळींचं हे 'थोडं' एकदा सरकारने वजनमापाच्या कचेरीत नेऊन तपासायला हवं. 'थोडं टोचेल' म्हणतात तेव्हा माणूस टेबलावरून उडतो. 'थोडा वेळ बसा' म्हणतात तेव्हा दुपारचं जेवण चुकतं. सकाळची कॅप्सूल नानांना मानवत होती, रात्रीची तर सोयीचीच होती. घोळ होता तो दुपारच्या कॅप्सूलचा. दोन वाजता जेवणानंतर ती पोटात जायची, दीडदोन तास सज्जनासारखी गप्प पडून राहायची, आणि चारच्या सुमारास नानांना असेल तिथे गाठून आडवं करायची.

आणि नानांना नेमकं चार ते पाच जागं राहायचं होतं. उरलेल्या तेवीस तासांत औषधाने काय वाटेल ते करावं, त्यांची ना नव्हती. चार ते पाच ही आईची वेळ होती.

आई ब्याऐंशीची. तिचं विसरणं आधी चष्म्यापासून सुरू झालं, मग गॅस बंद करण्यापर्यंत गेलं आणि एक दिवस ती घराबाहेर पडून भलत्याच इमारतीत, भलत्यांच्या स्वयंपाकघरात भांडी आवरताना सापडली. दिवसभर नाना दुकानात. बायकोची पाठ अशी, की तिलाच उठवायला माणूस लागावं. शेवटी आठ महिन्यांपूर्वी आईला शुश्रूषाकेंद्रात ठेवलं. दुसरा मजला, चार खाटांची खोली, खिडकीजवळची खाट. तिचं मन दिवसभर गढूळ असे. पण दुपारी झोपून उठली, चहा घेतला, की चार ते पाचच्या दरम्यान ते निवळायचं. त्या तासात ती नानांना ओळखायची, "जेवलास का?" विचारायची आणि सुनेबद्दल अशा काही बारीक तक्रारी करायची की स्मरणशक्ती गेली कोण म्हणेल!

नानांना त्या तासात तिला एक गोष्ट सांगायची होती. तिला केंद्रात आणलं तो दिवस तिचा गढूळ होता. लिफ्टमध्ये तिने नानांचा हात घट्ट धरला आणि अदबीने म्हणाली, "मला इथे सोडून जाऊ नका हो. माझा मुलगा मला शोधत फिरेल." नानांनी ते वाक्य कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पण तेव्हापासून ते केंद्रात जिन्यानेच चढायचे. आईला शुद्धीत असताना एकदाच सांगायचं होतं, 'तुला इथे मीच आणलं गं. घरी जमेना म्हणून आणलं. टाकलं नाही. मी रोज येतो.' सहा महिने रोज ठरवून गेले, आणि रोज ती "जेवलास का?" म्हणाली की ते जेवणात काय होतं तेच सांगत बसायचे. उद्या सांगू, असं म्हणून परत यायचे. असे पुष्कळ उद्या गेले आणि मग नागीण उठली.

केंद्राचा नियम कडक. अंगावर फोड असलेल्या माणसाने म्हाताऱ्या माणसांत यायचं नाही. सहा आठवडे नाना गेले नाहीत. सातव्या आठवड्यात गेले तेव्हा वॉर्डच्या सिस्टरने त्यांना जिन्यातच थांबवलं.

"आता पूर्वीसारखं नाही हं," सिस्टर म्हणाली. "तासभर नाही टिकत. अर्धा तास म्हणा. आणि ओळखतीलच असंही नाही."

"रोज कमी होतंय का?"

"तुम्ही आलात ना आता. या रोज," सिस्टर म्हणाली आणि पुढे गेली.

नाना खाटेशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले तेव्हा चारला पाच मिनिटं होती. आई झोपलेली होती. ती उठेपर्यंत जरा डोळे मिटावेत म्हणून त्यांनी डोळे मिटले. मग घंटा वाजली. भेटीची वेळ संपल्याची, पाचची. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि नानांच्या मानेत उसण भरली होती. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. अर्ध्या तासाची आई आणि तासाभराची झोप, हा हिशेब काही केल्या जुळेना.

घरी बायको वाट पाहत असायची. "बोलल्या का काही?"

"झोप लागली."

"त्यांना?"

"मला."

बायकोनेही सासूला केंद्रात ठेवण्याला होकार दिला होता, आणि तो होकार तिलाही सुखाने बसू देत नव्हता. तिने थर्मासात बर्फाचं पाणी भरून द्यायला सुरुवात केली. ते तोंडावर मारलं की नाना ओल्या तोंडाने झोपत.

मग मास्तरांनी प्रकरण हातात घेतलं. "बसता कशाला?" ते गरजले. "बसला तो झोपला! सावधान उभे राहा. टाचा जुळलेल्या, नजर समोर. माझ्या अख्ख्या नोकरीत एकही मुलगा सावधानमध्ये झोपला नाही."

नाना झोपले. पाठ कपाटाला टेकली होती एवढंच. कपाट चाकांचं निघालं. ते मागे सरकलं, नाना त्याच्याबरोबर सरकले आणि दोघेही औषधांच्या गाड्यावर जाऊन थांबले. बाटल्या फुटल्या, समोरच्या खाटेवरच्या आजी रडायला लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दारावर सूचना लागली: 'भेटीस येणाऱ्यांनी भेट घ्यावी. विश्रांती घेऊ नये.' नाव नव्हतं, पण येणारे-जाणारे सूचना वाचायचे आणि मग नानांकडे बघायचे.

मास्तर खचले नाहीत. दुसरा उपाय बुटात खडा घालण्याचा होता. नाना खड्यासकट झोपले आणि चार दिवस लंगडत होते. तिसरा उपाय काळ्या कॉफीचा, एकावर एक तीन कप. तिने नाना जागे राहिले हे कबूल करायला हवं. पण ते केंद्राच्या संडासात जागे राहिले. बाहेर येऊन खुर्चीत टेकले तोच कॉफी हरली आणि कॅप्सूल जिंकली. मास्तरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दोष नानांच्या शिस्तीत आहे असा निर्वाळा दिला.

आता नाना कुठे कामाला होते ते सांगायला हवं. ते सांगायची माझी इच्छा नव्हती, कारण वाचणारा लगेच हसणार. नाना गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. हसून झालं असेल तर पुढे सांगतो. तीस वर्षं त्यांनी नरम, मध्यम आणि कडक गाद्या विकल्या, पण एकदाही गादीवर बूड टेकलं नाही. मालकाने पहिल्या दिवशी सांगितलेला पहिला नियम तोच होता. गिऱ्हाईक बसेल, लोळेल, उड्या मारील. विक्रेता उभा राहील. दुपारी दुकानात चिटपाखरू नसे, म्हणून मालकाने साडेतीन ते साडेपाच नानांना आईसाठी मोकळीक दिली होती. त्याबद्दल नाना त्याचे उपकार मानत.

एका दुपारी निघताना बुटाची नाडी सुटली. ती बांधायला नाना मधल्या रांगेतल्या आठ इंची गादीच्या कडेला टेकले. कडेलाच. जागे झाले तेव्हा साडेसहा वाजले होते, गादीभोवती सातआठ माणसं उभी होती आणि एक बाई नवऱ्याला हळू आवाजात सांगत होती, "अहो, हीच घेऊ या. बघा ना कसे झोपलेत. असं झोपलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नाही."

त्या दुपारी तशाच तीन गाद्या खपल्या. मालकाच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. नाना मात्र घड्याळाकडे बघत होते. चार वाजले, पाच वाजले, आई उठली असेल, निवळली असेल, पुन्हा गढूळ झाली असेल. आणि आज खुर्चीत झोपलेला का होईना, मुलगा नव्हता. लोकांसमोर त्यांना रडू येईल असं वाटलं. लोकांना वाटलं, झोप पुरी झाली नाही.

"उद्यापासून काचेजवळची गादी तुमची," मालक म्हणाला. "चार ते पाच."

"मालक, चार ते पाच मला आईकडे जायचं असतं."

"तिथे जाऊन काय करता?"

नानांना खोटं बोलता येत नसे. "झोपतो," ते म्हणाले.

"मग इथे झोपा की! तिथे खुर्ची, इथे आठ इंच!"

तर्काला तोड नव्हती. तरीही तीस वर्षांत पहिल्यांदा नाना मालकाला नाही म्हणाले. मालकाने ते मोठ्या मनाने घेतलं. त्याने एवढंच केलं, की त्या दुपारी मोबाइलवर काढून ठेवलेला नानांचा फोटो मोठा करून, पुरुषभर उंचीचा, दुकानाच्या दारात लावला. उघडं तोंड, एक बूट पायात, एक बूट जमिनीवर. खाली अक्षरं: 'आमचे अनुभवी विक्रेते.' तेव्हापासून नाना गादीचे गुण सांगायला लागले की गिऱ्हाईक त्यांचं तोंड न्याहाळायचं आणि मग बायकोला कोपराने ढोसायचं, "हेच ते!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. इथे तर त्यांनी हातही दाखवला नव्हता, नाडी बांधली होती.

शेवटी नानांनी डॉक्टरांनाच विचारायचं ठरवलं. हे आधीच का नाही केलं, असं कोणी म्हणेल. त्यालाही कारण होतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी एक बाई बसायच्या, आणि त्यांच्याकडे जाडजूड वही होती.

"तपासणीची तारीख तेवीस दिवसांनी आहे," बाई म्हणाल्या.

"त्याआधी भेटायचं होतं. औषधाने त्रास होतोय."

"काय त्रास?"

"झोप येते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "येतेय ना? मग? न येणारे बसलेत बघा रांगेत."

बऱ्याच विनवण्यांवर त्यांनी एक छापील अर्ज दिला. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, त्रासाचं स्वरूप, त्रास दैनंदिन कामात अडथळा आणतो काय. नानांनी 'होय' लिहिलं. 'असल्यास कोणत्या?' यापुढे दोन ओळींची जागा होती. नानांनी लिहिलं, 'आईशी बोलता येत नाही.' बाईंनी ते वाचलं आणि त्याच दुपारी साडेचारचा नंबर दिला. बाई वाईट नव्हत्या. पण दुपारी साडेचारचा! नाना बाकावर बसले, त्यांचा नंबर तीनदा पुकारला गेला, शेजारच्या माणसाने त्यांना हलवलं आणि चुकून डाव्या बाजूला हलवलं, तरीसुद्धा नानांनी नुसतं कण्हून कूस बदलली. वहीत त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' पडलं. हजर असून गैरहजर! नानांना ते फार लागलं, कारण खोटंही म्हणता येत नव्हतं. आणि पुढचा नंबर पुन्हा तेवीस दिवसांनी मिळाला.

मग नानांनी जे करू नये ते केलं. दुपारची कॅप्सूल स्वतःच्या मनाने बंद केली.

पहिल्या दिवशी काही झालं नाही, झोपही थोडी आलीच. तिसऱ्या दिवशी चार वाजता नाना टक्क जागे होते आणि डावी बाजू विस्तवात ठेवल्यासारखी झाली होती. सदऱ्याचं एकेक बटण जाणवत होतं. ते खुर्चीच्या टोकावर दात आवळून बसले. आई जागी झाली. तिने उशीवरच मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ. तिचे डोळे निवळायला लागलेले नानांनी स्वतः पाहिले. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने हात पुढे केला आणि त्यांच्या कुशीवर ठेवला. डाव्या.

"आई गं!" नाना ओरडले.

इतक्या महिन्यांनी जागेपणी आईसमोर त्यांच्या तोंडून निघालेले शब्द एवढेच, आणि तेसुद्धा तिला उद्देशून नव्हते. आईने हात झटकन मागे घेतला, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि घाबऱ्या आवाजात हाक मारली, "सिस्टर! अहो सिस्टर! कोण माणूस आहे हा? ओरडतोय बघा अंगावर!"

सिस्टर धावत आली. तिने नानांना बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं, सगळं विचारून घेतलं आणि मग वॉर्डात रुग्णांवर ओरडते तशीच त्यांच्यावर ओरडली. "असली औषधं आपल्या मनाने बंद करतात का? शिकलेले ना तुम्ही? भलतंच काही झालं असतं म्हणजे?" तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. वही आणि अर्ज, सगळं ओलांडून गेला तो फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना डॉक्टरांसमोर होते.

डॉक्टरही आधी रागावले. मग त्यांनी अर्ज काढून वाचला आणि चष्मा पुसत बसले. "हे आधीच सांगायचं होतंत," ते म्हणाले. डॉक्टरांनी दुपारची मात्रा निम्मी केली, ती संध्याकाळी सहा वाजता घ्यायला सांगितली, रात्रीची तशीच ठेवली. "आठदहा दिवस लागतील शरीराला. पुन्हा त्रास झाला तर मला विचारा, शेजाऱ्यांना विचारू नका."

ते आठदहा दिवस नाना पूर्वीसारखेच चारला जात होते आणि पूर्वीसारखेच झोपत होते. मात्र झोप पातळ होत चालली होती. अकराव्या दिवशी दुकानातून निघताना त्यांच्या लक्षात आलं, की डोक्यातला कापूस गेला आहे. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत होत्या. डाव्या बाजूला दुखत होतं, पण सोसवेल इतकं. जिना चढताना त्यांनी वाक्य मनात घोळवलं. तुला इथे मीच आणलं. टाकलं नाही. मी रोज येतो. जिन्यात सिस्टर भेटली.

"दहा मिनिटं असतात हो आता त्यांची," ती म्हणाली. "फार तर पंधरा."

नाना खुर्चीत बसले. खोली त्यांनी जणू पहिल्यांदाच पाहिली. पंख्याचं एक पातं वाकडं होतं. आईच्या खाटेच्या दांडीला तिच्या हातरुमालाची घडी अडकवलेली होती. चहावाल्या मावशी गाडा घेऊन आल्या, आणि नानांना जागं बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

आई उठून बसली. दोन्ही हातांत कप धरून चहा प्यायली. मग तिने वर पाहिलं. डोळे स्वच्छ होते.

"तिथून उठा हो जरा," ती म्हणाली.

"आई," नाना म्हणाले.

घर चुकलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तशी ती हसली. "बसा ना, पलीकडे स्टूल आहे बघा. ही खुर्ची माझ्या मुलाची आहे. चारला येतो तो."

नाना उठले. स्टुलावर बसले. "रोज येतो?"

"रोज. मध्ये एकदा आला नाही, तर मला घोर लागला होता."

"काय बोलतो?"

"बोलतो कुठला! आला की झोपतो." तिला हसू आलं. "दमतो हो फार. गाद्यांच्या दुकानात आहे. दिवसभर उभं राहायचं, त्या मेल्या मालकाला दयामाया नाही. झोपला की अगदी लहान होता तसा दिसतो. मी नाही उठवत. या मावशींनाही सांगून ठेवलंय, कप वाजवू नका म्हणून."

मावशींनी मान हलवली. "इतके दिवस मी चमचासुद्धा अलगद ठेवते," त्या नानांना हळूच म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

मग नानांनी विचारलं, जेवढं विचारता आलं तेवढं. "त्याने तुम्हाला इथे आणून ठेवलं, त्याचा राग नाही आला?"

"त्याने कशाला ठेवायला हवं? मी राहतेच इथे," आई म्हणाली. "त्यालाच घरी निवांतपणा नसणार. सून भारी बडबडी आहे. म्हणून माझ्याकडे येतो झोपायला. येऊ दे. मी आहे तोवर येऊ दे."

तिने दाराकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिचे हात चादरीची कड चुरगाळायला लागले.

"आज उशीर झाला का हो त्याला?"

"आई, अगं मीच तो," नाना म्हणाले. "नीट बघ. मी आलोय."

तिने नीट बघितलं. चष्मा, पिकलेल्या मिशा, टक्क उघडे डोळे. आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशीच्या किंकाळीच्या वेळची भीती यायला लागली. "त्याला काही झालं तर नाही ना?" तिने विचारलं. "तुम्ही तेच सांगायला आलात का?"

"नाही, नाही," नाना घाईने म्हणाले. "येतोय. खाली भेटला होता मला. येतोय तो."

ते उठले आणि खोलीबाहेर गेले. बाहेरच्या भिंतीला टेकून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. सांगायचं वाक्य तयार होतं, पाठ होतं, आणि आता ते कोणाच्याच कामाचं नव्हतं. त्यांनी दहा आकडे मोजले. मग मान खाली घालून ते आत आले, कोणाकडे न बघता खुर्चीत बसले, मान उजव्या खांद्यावर टाकली आणि डोळे मिटले.

"आला," आई मावशींना म्हणाली. तिचा आवाज एकदम सैल झाला होता. "सावकाश न्या हो तो गाडा."

गाड्याची चाकं हळूहळू दाराबाहेर गेली. नाना श्वास एकसारखा ठेवायचा प्रयत्न करत होते. झोपलेला माणूस कसा श्वास घेतो हे त्यांना आठवेना. पापण्यांखाली पाणी दाटत होतं आणि ते बाहेर येऊ द्यायचं नव्हतं.

मग आई बोलायला लागली, अगदी हलक्या आवाजात. सकाळच्या भाजीला मीठ नव्हतं. समोरच्या आजी रडतात, त्यांच्याकडे कोणी येत नाही. खिडकीतून ऊन येतं ते आता त्या टोकाला जातं. तू अंगाने उतरलास. डाव्या कुशीला काय झालंय तुला, हात लावू देत नाहीस. ती बोलत होती आणि नानांना कळत होतं, की ती रोजच बोलत असणार. एवढ्या सगळ्या दुपारी ती त्यांच्याशी बोलली होती.

"ऐकतोयस ना रे?" तिने विचारलं.

नानांच्या तोंडात हुंकार आला होता. त्यांनी तो गिळला आणि मान जराशी आणखी खाली सोडली.

"नाही ना? झोप," आई म्हणाली, आणि पुढचं सांगायला लागली.